‘जसं लिहाल तसंच बोलाल’, पण एस्पेरांतो इतकी सरळ नाही

एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेबद्दल एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे: 28 अक्षरं, 28 उच्चार, एकही अपवाद नाही, आणि म्हणून जगात कोणालाही अर्ध्या तासात अचूक वाचता येईल. या भाषेवर माझा जीव आहे, म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं. नवा माणूस त्यावर विसंबतो, चार दिवसांत अडखळतो आणि दोष स्वतःच्या जिभेला देतो.

‘एक अक्षर, एक उच्चार’ हे आधी घेऊ. ही भाषा घडवणाऱ्या झामेनहोफने 1887 साली वॉर्सातून पहिली पुस्तिका काढली, त्यातल्या सोळा नियमांपैकी नववा म्हणतो की शब्द लिहिला तसा वाचावा. नियम चांगलाच आहे. पण तो अर्थ बदलणाऱ्या ध्वनींपुरता. तोंडातून निघणारा प्रत्येक बारकावा त्यात येत नाही. ‘बांको’ म्हणजे बँक. त्यातला न बऱ्याच जणांच्या तोंडी ‘अंक’मधल्यासारखा ङ होतो आणि त्याला कोणी अडवत नाही. ‘ओक्देक’ म्हणजे ऐंशी. भरभर बोलताना त्याचं ‘ओग्देक’ होतं, आणि इथे मात्र काटेकोर मंडळी टोकतात.

28 हा आकडाही कागदावरच भक्कम आहे. घशातून घासून येणारा ‘ख़’ वापरातून मागे सरकतो आहे. कित्येक शब्दांत त्याच्या जागी ‘क’ आला. ‘ख़ोरो’ म्हणजे वृंदगान. त्याचं सरळ ‘कोरो’ करता येईना, कारण कोरो म्हणजे हृदय. मग ‘कोरुसो’ असा वेगळाच शब्द रुळला.

सगळ्यांना सारखंच सोपं, हा भाग मला सर्वांत जास्त खटकतो. जपानी माणसाला ‘लानो’ (लोकर) आणि ‘रानो’ (बेडूक) वेगळे काढताना घाम फुटतो. आपल्याला त्यात काहीच अवघड नाही. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च हे दोन्ही आपल्या जिभेवर आहेत, आणि एस्पेरांतोत त्यांना दोन वेगळी अक्षरं आहेत, देवनागरीत ती सोय नाही. ‘स्त्सीआस’ (जाणतो) ऐकून पुष्कळ जण दचकतात, पण ‘मत्स्य’ म्हणणाऱ्याला तो जोडाक्षराचाच खेळ. आपण फसतो ते दुसरीकडे. ‘एद्झो’ म्हणजे नवरा, ‘रोझो’ म्हणजे गुलाब. ‘जरा’ म्हणताना आपली जीभ वर टेकते. ‘एद्झो’त तसंच टेकवायचं, पण ‘रोझो’त अजिबात नाही. स म्हणत राहा आणि त्यातच गळा घुमवा, मग रोझोतला ध्वनी सापडतो. मला ही जोडी कानात बसवायला बरेच दिवस लागले.

आघाताबद्दलचा, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा याबद्दलचा, दावा मात्र खरा आहे: तो नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर. फक्त स्वर नीट मोजायला हवेत. ‘फामिलिओ’त आघात ‘लि’वर येतो, आणि इंग्रजीची सवय असलेले नेमके तिथेच चुकतात.

राहिलं लेखन. ते रोमन लिपीत आहे, पण पाच अक्षरांवर टोपी (^) आणि एकावर, आपल्या ‘ॅ’सारखा, अर्धचंद्र. छापखान्यात हे खिळे नसतील तर टोपीऐवजी पुढे ‘एच’ लावा, अर्धचंद्र सोडून द्या, ही मुभा 1905 च्या ‘फुंदामेंतो’ या भाषेच्या पायाभूत ग्रंथातच आहे. पण ‘फ्लुग’ (उड्डाण) आणि ‘हावेनो’ (बंदर) जोडून झालेला विमानतळ या पद्धतीत ‘फ्लुजावेनो’ असाही वाचता येतो, कारण ग पुढे ‘एच’ म्हणजे टोपीवाला ग, आणि त्याचा उच्चार ज. ‘प्राउलो’ (पूर्वज) मधला सुटा उ आणि ‘आन्ताउ’ (आधी) मधला आ ला चिकटलेला उ, दोन्ही एकसारखेच दिसू लागतात. म्हणून टंकताना पुष्कळ जण ‘एच’ऐवजी ‘एक्स’ लावतात: ते अक्षर एस्पेरांतोच्या वर्णमालेत नाहीच, त्यामुळे घोटाळा होत नाही.