झाडांचा खर्च आणि बॉयलरचा खर्च

नमस्कार. साखर कारखान्यांवरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा: ‘पर्यावरणाच्या उपक्रमांनी नफा वाढत नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे तेच ते करतात, फोटोपुरती झाडं लावतात. आणि इथेनॉलवाले २०२३ मध्ये कसे अडकले तेही बघा.’

झाडांबद्दल वाद नाही. कंपनी कायद्यातली सीएसआरची, म्हणजे सामाजिक कामांसाठीची, २ टक्के रक्कम मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावरच काढतात. तिथे नफा आधी, झाड नंतर.

बॉयलरचं तसं नाही. एक टन उसामागे साधारण २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे रस काढल्यावरचा चोथा, निघतो, त्यात निम्मं पाणी. हाच कारखान्याचं जळण. कमी दाबाचे जुने बॉयलर तो नुसता खाऊन टाकायचे. जास्त दाबाचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ६७ किंवा ११० किलोचा, बॉयलर बसवला की त्याच बगॅसच्या वाफेवर कारखाना चालतो, वीजही तयार होते आणि उरलेली वीज महावितरणला विकता येते. साखरेचे भाव पडले की एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा उसाचा किमान दर, भागवायला हाच पैसा कामी येतो. आणि हे गडगंज कारखान्यांनीच केलं असंही नाही. कित्येक सहकारी कारखान्यांनी केंद्राच्या साखर विकास निधीचं आणि बँकांचं कर्ज काढून असे सहवीज प्रकल्प उभे केले.

खरी अडचण डिस्टिलरीत आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे सांडपाणी, उरतो. काळपट, उग्र वासाचा. ओढ्यात गेला तर मासे मरतात, आजूबाजूच्या विहिरींचं पाणी पिण्याजोगं राहत नाही. तो सोडून देणं फुकटात पडायचं, कारण विहीरवाल्याचं नुकसान कारखान्याच्या ताळेबंदात कधी आलंच नाही. आता तो आटवून बॉयलरमध्ये जाळायचा म्हणजे मोठी गुंतवणूक. राखेतलं पोटॅश खत म्हणून विकता येतं, २०२१ पासून त्याला अनुदानही आहे, पण तेवढ्यावर यंत्रणेचा खर्च निघेल असं मला वाटत नाही. सक्ती नसती तर फार थोड्यांनी ती बसवली असती. म्हणून या खर्चाने नफा घटला असं म्हणताना आधीचा नफा कुणाच्या विहिरीच्या जिवावर होता, तेही धरा.

राहता राहिलं इथेनॉल. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवडाभरात ती थोडी सैल झाली, पण ऐन गाळपात इथेनॉलसाठी कर्ज काढलेल्या कारखान्यांचं गणित विस्कटलं ते विस्कटलंच. हा तोटा सरकारच्या धरसोडीचा आहे. तो तुम्ही पर्यावरणाच्या खात्यात मांडता, ते मला मान्य नाही.