एकशे चाळीस किलो

आज डोकं फिरलंय, आधीच सांगते. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, राग नाही.

सकाळी माहेरच्या गावी वाचनालयात गेले होते. कुठलं ते लिहीत नाही, कारण आत्ताचे ग्रंथपाल नवीन आहेत आणि त्यांचा यात काही दोष नाही. मला हवी होती आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकाची १९३७ची फाइल. त्यांनी दाखल नोंदवही काढली, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. ओळीवर लाल शाईची आडवी रेघ आणि शेजारी एकच शब्द, 'निर्लेखित'. म्हणजे संग्रहातून काढून टाकलेलं. मी बघतच राहिले. मग त्यांनी बिचाऱ्यांनी प्रामाणिकपणे रद्दीवाल्याची पावतीही दाखवली. 'जुने कागद, १४० किलो.' १९३१ ते १९५०. वीस वर्षांचा तालुका, पोत्यांत भरून टेम्पोतून गेला.

"ताई, हात लावला की पानं तुटत होती हो. आणि जागा पण नव्हती," असं ते म्हणाले.

जागा नव्हती. बाहेर नव्या सभागृहाची कोनशिला बसलीय, त्याला जागा होती.

आता मला ती फाइल कशाला हवी होती ते सांगते. माझ्या आजीचं एक पत्र त्यात छापून आलं होतं. आजी चौथी शिकलेली. तिने घरात कुणाला पत्ता लागू न देता संपादकांना पत्र लिहिलं, भावाच्या हाती छापखान्यात पाठवलं, खाली सही 'एक त्रस्त भगिनी'. विषय काय, तर आळीतल्या विहिरीचा मोडका रहाट. ती हे सांगताना दरवेळी हसून लोळायची, कारण अंक आला त्या संध्याकाळी आजोबांनी ते पत्र ओटीवर मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "कोण ही बाई? नवऱ्याचा धाक दिसत नाही हिला." आजी आत भाकऱ्या थापत होती. रहाट म्हणे आठ दिवसांत दुरुस्त झाला. आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आजी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, २०११ला, मी ते पत्र शोधून काढलं होतं. हो, काढलं होतं! सूची वगैरे काही नाही. तीन दुपारी बसून एकेक अंक चाळला. तिसरं पान, डावा कोपरा, दंतमंजनाच्या जाहिरातीच्या बरोब्बर वर. फोटो काढू म्हटलं तर तेव्हाचे ग्रंथपाल म्हणाले, कार्यकारी मंडळाची लेखी परवानगी आणा. मग पर्समधली बँकेची विड्रॉल स्लिप काढली आणि तिच्या मागे पेन्सिलीने उतरवायला बसले. थोडं लिहून होतंय तोवर साडेपाच वाजले, शिपायाने पंखा बंद केला. म्हटलं, पुढच्या वेळी.

स्लिप अजून आहे माझ्याकडे. त्यावर एवढंच आहे:

"रा. रा. संपादक यांस, सा. न. वि. वि. आमचे आळीतील सार्वजनिक विहिरीचा रहाट गेले तीन महिने मोडून पडला आहे. म्युनिसिपालिटीचे सभासदांचे परसांत स्वतःच्या विहिरी असल्याने त्यांस याची झळ लागत नाही. आम्हां बायकांस मात्र"

आणि संपलं. बायकांस मात्र काय? ते आता जगात कुणालाच माहीत नाही. १४० किलोत गेलं ते.

दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन येतो. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, हार, नारळ, शाल, भाषणं. मी पण जाते, टाळ्या वाजवते. 'केसरी' १८८१, 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२०, सगळ्यांना पाठ. आणि ही मोठी नावं टिकतील हो, त्यांना पुनर्मुद्रण आहे, अभ्यासक आहेत, जयंत्या आहेत. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' सरकारने पुन्हा छापले, उत्तमच केलं. पण ते छापता आले कारण कुणीतरी अंक सांभाळले होते. तालुक्याच्या साप्ताहिकाला कोण आहे? त्यात कुणाची सभा झाली, प्लेगात कुठली आळी रिकामी केली, मिरचीचा भाव काय, कुणाच्या मुलीला व्हर्नाक्युलर फायनलला, म्हणजे तेव्हाच्या सातवीच्या परीक्षेला, नंबर मिळाला, हे सगळं असतं. हा इतिहास नव्हे वाटतं?

आणि मोठ्या नावांचंही फार सुखाचं समजू नका. 'दीनबंधु' १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलं, पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईतून चालवलं. सत्यशोधकांचं पत्र! त्याचे कितीतरी अंक आज मिळत नाहीत. मग त्यात काय होतं ते कसं कळतं? इंग्रज सरकारने देशी वर्तमानपत्रांवर पाळत ठेवायला माणसं बसवली होती. ती दर आठवड्याला त्यांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा काढून साहेबाला देत. ते अहवाल मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत, लंडनलाही आहेत. म्हणजे मूळ मराठी अंक आपण घालवले आणि हेरगिरीचे कागद साहेबाने नीट बांधून ठेवले. संताप करू की हसू, मला कळत नाही.

रद्दीत घालणाऱ्यांचं एक मान्य करते, तो कागद खरंच मरत होता. गंमत अशी की फार जुना कागद बरा टिकतो, कारण तो चिंध्यांच्या लगद्याचा असायचा. नंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त न्यूजप्रिंट आला, त्याच्यात आम्लच असतं, तो आतल्या आत जळतो. म्हणून दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचं एखादं पुस्तक धडधाकट असतं आणि युद्धकाळातल्या टंचाईतला अंक पापडासारखा मोडतो. २०११ला आजीचं पान उलटताना माझ्या मांडीवर तपकिरी चुरा पडला होता. साडी झटकली मी. आता वाटतं, तोही ठेवायला हवा होता.

पण मरणाऱ्या माणसाचा निदान फोटो तरी काढतात ना रे! टेम्पो बोलावण्याआधी एक दिवस, एक कॅमेरा, एवढंच लागलं असतं.

बरं, ज्यांनी स्कॅन केलंय त्यांच्याकडे तरी काय आनंद आहे. दुसऱ्या एका मोठ्या संस्थेत गेले होते मागे. तिथे अभिमानाने सांगितलं, आमचं सगळं डिजिटल झालंय. कुठे आहे? कपाटात. हार्ड डिस्कवर. किल्ली सचिवांकडे, सचिव मुलाकडे पुण्याला. आमच्या लेखी हे डिजिटायझेशन! तिकडे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ट्रोव्ह नावाची वेबसाइट बघा. खेड्यापाड्यातली जुनी वर्तमानपत्रं घरबसल्या फुकट, नाव टाकून शोधा, आणि मशीनने चुकीचं वाचलेल्या ओळी साधे वाचक घरी बसून दुरुस्त करतात. निवृत्त माणसं, आजीआजोबा! आपल्याकडे व्हॉट्सॲपवर सुप्रभात पाठवणारी केवढी फौज आहे, तिला हे काम का देत नाही कोणी?

हो, मराठीचं अवघड आहे, कबूल. छापखान्यातल्या जुन्या खिळ्यांची जोडाक्षरं मशीनला धड वाचता येत नाहीत, शिलाछापाचं, म्हणजे दगडावरून छापलेल्याचं, तर विचारूच नका. चालेल की. आधी चित्र तर चढवा, अक्षरं मागाहून ओळखू.

कॉपीराइटचंही मला ऐकवलं आज. नाव नसलेल्या मजकुराला छापल्यापासून साठ वर्षं. 'एक त्रस्त भगिनी' कधीचीच मोकळी झाली. रद्दीवाल्याला देताना नाही आठवला कुणाला कॉपीराइट.

असो. रक्तदाबाची गोळी घेऊन परत बसलेय.

थोडं शांतपणे लिहिते. ग्रंथपालांना काय मिळतं ते मला माहीत आहे. १९६७चा ग्रंथालयांचा कायदा आहे, वाचनालयांचे अ-ब-क-ड वर्ग आहेत, अनुदान आहे, ते येतं तेव्हा येतं, आणि त्यातच पगार, वीजबिल, नवी पुस्तकं, दिवाळी अंक. त्या माणसाने कसर लागलेल्या फाइली सांभाळायच्या कशावर? सकाळी मी त्यांच्यावर जरा जास्तच चढले. निघताना त्यांनीच चहा मागवला, तेव्हा लाज वाटली. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ला पुराचं पाणी शिरलं, २०२१ला पुन्हा शिरलं. दोन्ही वेळा लोकांनी चिखल उपसून वाचनालय उभं केलं. अशी माणसं आपल्यात आहेत, हे मला ठाऊक आहे. पण चिखलातून काढलेलं पुस्तक वाळतं कसंबसं, वर्तमानपत्राचा लगदाच होतो. म्हणून पाणी यायच्या आधी फोटो.

आणि खरं सांगू, माझा राग निम्मा माझ्यावरच आहे. २०११ला 'पुढच्या वेळी' म्हणून उठले ती मीच. परवानगीचा अर्ज एका कागदावर लिहून झाला असता. मग बदली, मुलाची बारावी, आईचं आजारपण, मग कोविड. दर दिवाळीला माहेरी यायचे आणि वाचनालयावरून रिक्षाने पुढे जायचे. आज भाचीने अमेरिकेतून विचारलं, "मावशी, पणजीचं ते पत्र पाठव ना," म्हणून गेले. नाहीतर अजूनही गेले नसते.

चहा पिताना ग्रंथपाल म्हणाले, १९५१ ते १९६४चे खंड अजून माळ्यावर आहेत, गणपतीच्या मखराच्या मागे. तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. वीस मिनिटं वाद घातला. शेवटी म्हणाले, "काढा बाई फोटो, पण पंखा लावू नका, पानं उडतात." ही परवानगीच समजतेय मी.

शनिवारी अकरा वाजता. माझा भाचा ट्रायपॉड आणतोय, पान दाबायचं नाही, वरून फोटो. सगळं इंटरनेटवर चढवायचं, कुणाची किल्ली नको. दोन मऊ ब्रश, दोनतीन जुन्या सुती साड्या आणि सावकाश पान उलटणारे हात हवेत. ज्यांना धुळीची ॲलर्जी आहे त्यांनी मास्क लावून नोंदी करायला बसावं. जेवणाचं मी बघते.

आणि तालुक्यातल्या मंडळींनो, मुंबईत-पुण्यात गेलेल्यांनीसुद्धा, आपापल्या माळ्यावरच्या ट्रंकांच्या तळाला अंथरलेले कागद जरा बघा. फडताळातल्या फळ्यांवर घातलेले, देवाच्या पोथीला गुंडाळलेले. त्या साप्ताहिकाचा १९३७चा एखादा सुटा अंक निघाला तर टाकू नका, मला फोन करा. तिसरं पान उघडा. डाव्या कोपऱ्यात दंतमंजनाची जाहिरात असेल, त्याच्या वर बघा.