वॉटरगेट आणि नकार देणारी माणसं

वॉटरगेटचा विषय निघाला की 'वॉशिंग्टन पोस्ट'चे बातमीदार वुडवर्ड आणि बर्नस्टीन ही दोन नावं आधी येतात. त्यांचं काम मोठंच होतं, त्यावर वाद नाही. पण नुसत्या बातम्यांनी अमेरिकेचा रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन खाली आला नाही. त्याच्याच पक्षातल्या, त्यानेच नेमलेल्या माणसांनी ऐन वेळी पाठ फिरवली म्हणून ते प्रकरण तडीला गेलं, असं माझं ठाम मत आहे.

१७ जून १९७२ ची मध्यरात्र उलटून गेलेली. वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलात फ्रँक विल्स हा २४ वर्षांचा कृष्णवर्णीय रखवालदार फेरी मारत होता. तळघराच्या दाराचं कुलूप लागू नये म्हणून कोणीतरी त्यावर चिकटपट्टी लावली होती. त्याने ती काढून टाकली. पुढच्या फेरीला बघतो तर पट्टी परत तिथेच! त्याने सरळ पोलिसांना फोन लावला. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच जण रंगेहाथ सापडले, आणि त्यातला जेम्स मॅकॉर्ड निघाला निक्सनच्या फेरनिवडणूक समितीचा सुरक्षाप्रमुख. पुढे विल्सच्या वाट्याला हलाखीच आली. २००० साली तो गेला तेव्हाही गरिबीतच होता. याचा मला आजही राग येतो.

त्या नोव्हेंबरात निक्सनने ५० पैकी ४९ राज्यं जिंकली. एवढं सगळं पदरात पडूनही झाकपाक चालूच राहिली. जुलै १९७३ मध्ये व्हाइट हाऊसचा माजी अधिकारी अलेक्झांडर बटरफिल्डने सिनेट समितीसमोर सांगून टाकलं की व्हाइट हाऊसमधली संभाषणं गुपचूप टेप होतात. विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांनी त्या टेप मागितल्या. २० ऑक्टोबर १९७३, शनिवार. कॉक्सना काढून टाका, असा निक्सनचा हुकूम सुटला. ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, इलियट रिचर्डसन यांनी तो पाळण्याऐवजी राजीनामा दिला. त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाऊस यांनीही नकार देऊन खुर्ची सोडली. खात्यातले तिसरे, रॉबर्ट बोर्क, यांनी मात्र हुकूम पाळला. हेच ते 'सॅटरडे नाइट मॅसेकर'. रिचर्डसन आणि रकल्सहाऊस दोघेही रिपब्लिकन होते!

सुप्रीम कोर्टातही तेच. २४ जुलै १९७४ ला ८ विरुद्ध ० असा निकाल लागला: टेप द्याव्याच लागतील. आठांपैकी तीन न्यायाधीश निक्सनने नेमलेले, आणि निकाल लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर त्यातलेच एक. मग बाहेर आली २३ जून १९७२ ची 'स्मोकिंग गन', म्हणजे बिनतोड पुराव्याची, टेप. एफबीआयचा तपास सीआयएला पुढे करून थांबवायचा, हे निक्सन आणि त्याचा चीफ ऑफ स्टाफ हाल्डमन ठरवत होते. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाला.

महिनाभरात त्याच्या जागी आलेल्या जेराल्ड फोर्डने त्याला संपूर्ण माफी दिली. मिचेल, हाल्डमन, एर्लिकमन हे त्याचे निकटचे सहकारी तुरुंगात गेले, मालक घरी बसला. देशाने पुढे जावं म्हणून माफी, हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. खटला चालला असता तर राष्ट्राध्यक्षालाही कायदा लागू होतो, हे कोर्टाच्या निकालात कायमचं लिहिलं गेलं असतं. ते झालं नाही. जुलै २०२४ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी राष्ट्राध्यक्षाच्या अधिकृत कृतींना फौजदारी खटल्यापासून मोठं संरक्षण दिलं, आणि काही कृती तर पुरावा म्हणूनही वापरता येणार नाहीत असं ठरवलं. या निकालापुढे २३ जूनची ती टेप फौजदारी कोर्टात टिकली असती, असं मला वाटत नाही.