म्हणजे किती?

“उत्तर बरोबर आहे, पण सरळ नाही.” भाचीच्या वहीत लाल शाईने एवढंच लिहिलेलं आणि शेजारी गोलात दीड. दोनपैकी. गेलेला अर्धा मार्क खरं तर माझा, कारण गणित मी सांगितलं होतं. भाचीने वही माझ्यापुढे धरली, “मामा, बघ,” म्हणाली आणि गप्प उभी राहिली. भांडली असती तर परवडलं असतं.

गणित होतं √७२ + √५०. सरळ रूप द्या. मी ७२ चे ४ गुणिले १८ केले, चाराचं मूळ बाहेर काढलं, २√१८ झाले. पन्नास म्हणजे पंचवीस दुणे, तेव्हा ५√२. एकाच्या आत अठरा, दुसऱ्याच्या आत दोन. करणी म्हणजे असं पूर्ण न निघणारं मूळ, आणि विजातीय, म्हणजे आतले आकडे वेगळे असलेल्या, करण्यांची बेरीज होत नाही, हे कोणत्याही पुस्तकात असतं. म्हणून २√१८ + ५√२ लिहायला लावून खाली दोन रेघा ओढायला लावल्या. बाईंचं म्हणणं, अठरातून अजून नऊ निघत होते, त्यांचे तीन बाहेर आले असते, २√१८ चे ६√२ झाले असते आणि एकूण ११√२ असं गोजिरवाणं उत्तर मिळालं असतं. मिळालं असतं ना. पण माझ्या उत्तराची किंमत काढून बघा, १५.५५६ च्या आसपास येते. बाईंच्या उत्तराची काढा, तीही तेवढीच. दशांशचिन्हापुढे हवं तितकं लांब जा, एका आकड्याचाही फरक सापडणार नाही. संख्या एकच, मार्क मात्र दोन वेगळे. याला गणित म्हणायचं की कपडे बघून माणसाची पत ठरवणं?

ताईला वेळ नव्हता म्हणून पालकसभेला मी गेलो. वर्गाबाहेर बाकावर बसलो, वही उघडी ठेवूनच, म्हणजे आत गेल्यावर पान शोधायला नको. शेजारी एक काका होते, कुणाचे तरी आजोबा. त्यांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि वही उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवली. विचारलं वगैरे काही नाही.

“हे काय आहे?”

“करणीचं सरळ रूप.”

“वाकडं कशानं झालं होतं?”

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं, तेव्हा मात्र मी वहीवर हात ठेवला.

“नीट सांगा,” ते म्हणाले. “आमचा नातूही हेच करत असतो. विचारलं की म्हणतो, आजोबा, तुम्हाला नाही कळायचं. मी उभी हयात लेखापरीक्षणात काढलीय. मला नाही कळायचं?”

मग मी सांगितलं. मला वाटतं, बरंच चांगलं सांगितलं. बहात्तरचे मूळ अवयव पाडायचे: २ × २ × २ × ३ × ३. वर्गमूळ आहे म्हणून जोड्या लावायच्या. दोनांची जोडी जमली, एक दोन बाहेर. तिनांची जोडी जमली, एक तीन बाहेर. बाहेर दोन त्रिक सहा. आत उरला एकटा दोन, त्याला जोडीदार नाही, तो आतच. सहा रूट दोन.

काकांनी बोट आकड्यांवर ठेवलं. लेखापरीक्षणाचं बोट ते, हललं नाही.

“दोन तीन आत होते.”

“हो.”

“बाहेर एकच आला.”

“हो.”

“दुसरा?”

“दुसरा येत नाही.”

“येत नाही म्हणजे आतच राहिला?”

“नाही, आतही राहत नाही.”

“मग गेला कुठे?”

आता हा प्रश्न मला नववीत पडला नव्हता. पडला असता तरी विचारायची हिंमत नव्हती. मी चौरस काढून दाखवला. म्हटलं, क्षेत्रफळ नऊ असेल तर बाजू तीन. तीन त्रिक नऊ. वर्गमूळ म्हणजे क्षेत्रफळावरून बाजू शोधणं. बाजू तीन आहे, म्हणून तीन सांगायचं.

“चौरसाला बाजू चार असतात.”

“असतात, पण सारख्या असतात. म्हणून एकच सांगायची.”

“म्हणजे तीन दडपल्या.”

“काका, दडपल्या नाहीत...”

“बरं, राहू दे,” ते अशा सुरात म्हणाले की शेरा मारून फाइल पुढच्या वर्षावर ढकलली. “उत्तर काय आलं शेवटी?”

“बाईंचं अकरा रूट दोन.”

“म्हणजे किती?”

“अकरा रूट दोनच.”

“ते ऐकलं. पण म्हणजे किती?”

“साधारण साडेपंधरा.”

“मग साडेपंधरा लिहा ना! पोरांना कशाला छळता?”

“ते अचूक नाही. पंधरा पॉइंट पाच पाच सहा... आणि पुढे ते संपतच नाही.”

“कधी संपतं?”

“कधीच नाही. दोनच्या वर्गमूळाचे आकडे संपत नाहीत आणि त्याच क्रमाने फिरून फिरूनही येत नाहीत. अपरिमेय संख्या असते ती. म्हणून तर रूट तसंच ठेवायचं. तेच अचूक.”

काकांनी वही मिटली. “म्हणजे जो आकडा काढता येत नाही, तो काढला नाही तर अचूक. काढायला गेलं की चूक. आणि हे पोरं नववीत शिकतात.” थोडा वेळ थांबून त्यांनी दोन्ही हात ताणून हवेत एक अंतर धरलं. “हे बघा. मला अकरा रूट दोन एवढी दोरी कापायचीय. कात्री कुठे लावू?”

मी उत्तर देणार एवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं.

घरी आल्यावर ही दोरी डोक्यातून जाईना. काकांना मी मनातल्या मनात हसलो होतो, पण शुल्बसूत्रांतली, म्हणजे यज्ञवेदी बांधायच्या प्राचीन नियमांतली, माणसं नेमकी दोरीच घेऊन बसली होती. शुल्ब म्हणजे दोरी. वेदी मापून बांधायची, तर चौरसाचा कर्ण किती (बाजू एक असेल तर तो रूट दोन) हे दोरीवर खूण करून दाखवावं लागतं, ‘अकरा रूट दोन’ म्हणून कुणी सोडत नाही. बौधायनाच्या सूत्रात पद्धत दिलीय: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा वजा करा. अपूर्णांकात मांडलं तर ५७७ भागिले ४०८, म्हणजे १.४१४२१५ आणि पुढे काही. रूट दोनची खरी किंमत १.४१४२१३ आणि पुढे काही. दशांशाची पाच घरं बरोबर. कात्री कुठे लावायची याचं याहून चांगलं उत्तर मलाही देता आलं नसतं.

आणि मग भास्कराचार्य सापडले. इथे मात्र माझं रक्त खरंच तापलं.

‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० सालचा. त्यातल्या बीजगणिताच्या भागात करणींची बेरीज दिलीय. दोन करणींची बेरीज ती महती, त्यांच्या गुणाकाराच्या मुळाची दुप्पट ती लघु. दोन्ही मिळवा, ती उत्तराची करणी. आचार्यांचं उदाहरण २ आणि ८ या करणींचं. महती दहा. गुणाकार सोळा, मूळ चार, दुप्पट आठ. दहा आणि आठ अठरा. उत्तर: करणी अठरा. म्हणजे आपल्या भाषेत √१८. नऊ बाहेर काढून ३√२ केलेले नाहीत! आठशेहून जास्त वर्षं झाली, आचार्यांचं अठरा अजून आतच आहे. आमच्या बाईंकडे त्यांनाही दीडच मिळाला असता.

मी लगेच आमचं गणित त्यांच्या रीतीने करून पाहिलं. ७२ आणि ५०. महती १२२. गुणाकार ३६००, मूळ ६०, दुप्पट १२०. एकूण २४२. √२४२. एकशे एकवीस दुणे, म्हणजे ११√२ च ते. पण त्यांच्या रीतीत विजातीय म्हणून कुठे अडावंच लागत नाही. माझे अठरा आणि दोन समोर ठेवले असते तरी त्यांनी दोन मिनिटांत एक करून दिले असते. गुणाकाराचं मूळ निघत नसेल तरच त्या करणी वेगवेगळ्या ठेवायच्या.

बाईंना हे सांगायची संधी मिळाली नाही, कारण पालकसभेत मला मिळालेल्या वेळात बाईच बोलल्या. वाईट नव्हत्या. शांतपणे म्हणाल्या, “सगळ्यांनी एकाच रूपात लिहिलं की तपासायला बरं पडतं.” हे कारण प्रामाणिक आहे आणि मला मान्यही आहे. आणखी एक कारण त्यांनी दिलं नाही, ते मीच देतो: शेवटपर्यंत सरळ केलं की दोन उत्तरं एकच आहेत की नाहीत हे नुसतं बघून कळतं. ठीक. पण मग मुलांना तेच सांगा ना. ‘सरळ रूप द्या’ म्हणजे जणू विश्वाचा नियमच.

छेदाच्या परिमेयीकरणाचंही तेच. एक छेद रूट दोन लिहिलं की लाल रेघ. खाली करणी शोभत नाही, वर-खाली रूट दोनने गुणा, रूट दोन छेद दोन लिहा. का? विचारा कुणालाही. “नियम आहे.” अहो, हाताने भागाकार करायची वेळ होती तेव्हा एकाला १.४१४२ ने भागणं ही शिक्षा होती, आणि १.४१४२ ला दोनने भागून ०.७०७१ काढणं तोंडी जमायचं. म्हणून छेदातली करणी वर नेत. साधी, शहाणी सोय. आता कॅल्क्युलेटरला दोन्ही सारखंच. पुढे शिकताना त्या रीतीचे इतर उपयोग आहेत, अनुबद्ध जोडीने, म्हणजे मधलं अधिक-वजा उलटं केलेल्या जोडीदाराने, गुणून भलीभली गुंतागुंत सुटते, ते कोण नाकारतंय? पण कारण गाळून नुसता शिष्टाचार शिकवायचा, आणि तो मोडला की मार्क कापायचे, आणि मग म्हणायचं पोरांना गणिताची भीती वाटते. वाटेल नाही तर काय. भाची आता बरोबर उत्तर आलं तरी विचारते, “मामा, हे चालेल ना?” ‘बरोबर आहे ना’ असं विचारत नाही.

तरी तिला मी एक ताकीद दिलीय: त्या चिन्हाची आडवी रेघ जपून ओढ. १५२५ साली रुडॉल्फ नावाच्या गणितज्ञाच्या जर्मन पुस्तकात हे चिन्ह छापलं गेलं, तेव्हा त्याला वरची रेघ नव्हती. ती देकार्त या फ्रेंच गणितज्ञाने १६३७ साली जोडली, मूळ कुठपर्यंत घ्यायचं ते कळावं म्हणून. भाची ती रेघ ओळीच्या शेवटापर्यंत नेते. √९ + १६ म्हणजे तीन अधिक सोळा, एकोणीस. रेघ लांबली की पंचवीसचं मूळ, पाच. आणि दोघांची मुळं वेगळी काढून मिळवली तर सात. गुणाकारात मूळ तोडलं तर चालतं, बेरजेत चालत नाही. हा भेदभाव मला आजही पटत नाही, पण इथे तरी गणिताची बाजू खरी आहे, शाळेची नाही.

हे सगळं मी काकांना कळवलं, ही माझी हौस. निघताना त्यांनी नंबर घेतलाच होता. बौधायनाची दोरी त्यांना फार आवडली. “बघा, मी म्हणत नव्हतो?” असा निरोप आला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा एक: “नातू म्हणतो वजा चारला वर्गमूळ नाही. धन चारला आहे, मग वजा चारचं गेलं कुठे?” मी तो उघडलाय, दोन निळ्या खुणा त्यांना दिसल्या असणार, आणि आता पडद्यावर ‘टाइप करत आहे’ असं येतंय. अजून येतंय.