सांगलीत राहावं की कोल्हापुरात? एका जयसिंगपूरकराचा अनाहूत सल्ला

हल्ली पुण्याच्या ट्रॅफिकला कंटाळलेली, घरून काम करणारी पोरं इकडं परत यायला लागली आहेत. आली की एकच विचारतात, "काका, फ्लॅट सांगलीत बघू की कोल्हापुरात?" मला विचारतात कारण मी जयसिंगपूरचा. इथून सांगली दहा-बारा किलोमीटर, कोल्हापूर चाळीसच्या आसपास. जिल्हा कोल्हापूरचा, बाजार सांगलीचा. कोल्हापुरात गेलो की मी 'ते सांगलीकडचे', सांगलीत गेलो की 'तुमच्या कोल्हापुरात काय बाबा'. दोन्हीकडचा टोमणा इतक्या नियमितपणे खाणारा निष्पक्ष माणूस तुम्हाला दुसरा मिळायचा नाही. तेव्हा बसा, चहा घ्या आणि ऐका.

पहिलं म्हणजे शाळा, दवाखाने, पाणी, रस्ते असल्या किरकोळ गोष्टी बघून गाव निवडू नका. त्या दोन्हीकडं सारख्याच आहेत, फक्त खड्ड्यांची खोली थोडी कमीजास्त. गाव निवडायचं ते आपल्याला जन्मभर नावं कुणाला ठेवायची आहेत, यावरून. सांगलीत राहिलात तर कोल्हापूरला नावं ठेवावी लागतील. कोल्हापुरात राहिलात तर पुण्याला. हा फरक वरवर लहान वाटतो, पण सगळं गाव त्याच्यावर चालतं. सांगलीकराच्या डोक्यात कोल्हापूर दिवसातून चारदा येतं. कोल्हापूरकराच्या डोक्यात सांगली येते ती पुराच्या बातमीत.

पटत नसेल तर पाट्या बघा. सांगलीत अख्खा कोल्हापूर रोड आहे. कोल्हापुरात, तेही गावाबाहेर शिरोलीपाशी हायवेवर, सांगली फाटा आहे. सांगलीनं कोल्हापूरला रस्ता दिला, कोल्हापूरनं सांगलीला फाट्यावर मारलं. वर जखमेवर मीठ म्हणजे कोल्हापूरच्या भर पेठेत मिरजकर तिकटी म्हणून चौक आहे. मिरजेला तिकटी, सांगलीला फाटा! हा मुद्दा सांगलीत काढू नका. मिरजेत मात्र जरूर काढा, फुकट चहा मिळेल. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली एक महापालिका झाली, पण मिरजेच्या माणसाला 'सांगलीकर' म्हणून बघा एकदा. तो तुम्हाला जंक्शन, सतारी आणि अब्दुल करीम खाँसाहेब याच क्रमानं ऐकवेल, आणि तोवर तुमची गाडी गेलेली असेल.

आता महत्त्वाचं. पूर.

फ्लॅट बघायला गेलात की कार्पेट एरिया नंतर विचारा, आधी विचारायचं, "२०१९ ला पाणी कुठवर होतं?" बिल्डर म्हणेल, "इकडं कधीच येत नाही साहेब." मान डोलवा, खाली या आणि वॉचमनला तंबाखू द्या. तो एक शब्द बोलणार नाही, नुसता हात छातीशी धरून दाखवेल. मग जिन्याखालची मीटरची पेटी उघडायला सांगा. भिंतीला नवा ऑफ-व्हाइट मारलेला असतो, पण पेटीच्या कोपऱ्यात बोटभर वाळका गाळ अजून असतो. बिल्डर सगळं पुसतो, तेवढं विसरतो.

पुराचं मोजमाप आमच्याकडं फूट-इंचात चालतं. मीटरमध्ये बोलणारा माणूस सरकारी किंवा परगावचा. सांगलीचं पाणी आयर्विन पुलाशी मोजतात, ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. कोल्हापूरचं राजाराम बंधाऱ्याशी, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विनला ५७ च्या वर गेली आणि पंचगंगा राजारामला ५५ च्या वर. सांगलीकर आजही छाती काढून सांगतो, "आमचं दोन फूट जास्त होतं." कोल्हापूरकर म्हणतो, "तुमचा धोकाच दोन फूट वर धरलाय की!" मी वजाबाकी करून बघितली आहे. दोघंही धोक्याच्या रेषेच्या वर साधारण बारा-साडेबारा फूट. बरोबरीत सुटलेली ही एकमेव कुस्ती, आणि ती दोघांनाही मान्य नाही.

कोल्हापुरात घर घेणार असाल तर राधानगरी धरणाच्या दरवाजांशी ओळख करून घ्या. सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी चढलं की आपोआप उघडतात, उतरलं की आपोआप मिटतात. जिल्ह्यात कुणालाही न विचारता वेळेवर काम करणारी मला माहीत असलेली ही एकच गोष्ट. जुलै-ऑगस्टमध्ये लोक "जेवलास का?" विचारत नाहीत, "किती उघडले?" विचारतात. सुतारवाड्यात पाणी शिरलं म्हणजे सुरुवात झाली, व्हीनस कॉर्नरला आलं म्हणजे आता फोटो काढायला जायला हरकत नाही.

सांगलीत घर घेणार असाल तर कोयना धरणाचा विसर्ग आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची तोंडपाठ पाहिजे. अलमट्टी सध्या ५१९.६० मीटरला, कर्नाटकला ती ५२४.२५६ करायची आहे. (वर म्हटलं ना, मीटरमध्ये सरकारी माणूस बोलतो. अलमट्टीपुरता सांगलीकर सरकारी होतो.) दशांशानंतरचे तीन आकडे चहाच्या गाड्यावर चुकवलेत तर तुम्ही बाहेरचे, हे लगेच कळेल. गावभागातल्या आजीबाईंनासुद्धा बॅकवॉटर, म्हणजे धरणामुळं मागं तुंबणारं पाणी, हा शब्द येतो. आणि पुराचं खापर दोन्ही शहरं न चुकता अलमट्टीवर फोडतात. निळ्या पूररेषेच्या आत, नदीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या इमारतींचा विषय निघाला की मात्र गाड्यावरचा चहा अचानक संपतो.

तळमजला स्वस्त मिळतो म्हणून घेणाऱ्यांसाठी एक धार्मिक सोय सांगून ठेवतो. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात पूर चढला की पाणी उत्तरेच्या दारानं आत येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला लांबलांबून माणसं येतात. दोन दारांचा तळमजला घेतलात तर हा सोहळा घरबसल्या. पादुकांच्या जागी वॉशिंग मशीन असेल, एवढंच.

पाणी आणखी वाढलं की अंकली पुलाकडचा रस्ता बंद, शिरोलीला हायवे बंद. दोन्ही शहरं एकमेकांपासून तुटतात आणि भांडण फोनवर चालू राहतं. मध्ये आम्ही, जयसिंगपूरकर. आमच्या शाळांत शिरोळ तालुक्यातली खेडी येऊन राहतात आणि आम्ही भाकरी थापतो. तेव्हा कुणी विचारत नाही हे गाव नक्की कुणाचं.

पुरातून बाहेर पडू. खाण्याचं बघून ठरवणार असाल तर कोल्हापूरच्या मिसळीबद्दल मी काही सांगत नाही, तुम्हाला नको तितकं आधीच माहीत आहे. फक्त पाव मागू नका, ब्रेड येतो. त्यापेक्षा रात्री साडेनऊला गंगावेशीत जा. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या असतात. गवळी तुमच्यादेखत धार काढतो आणि फेसाळ ग्लास तसाच हातात देतो. माझे मेहुणे सांगलीचे, विश्रामबागेतले. आयुष्यभर पिशवीतलं दूध, तेही दोनदा उतू घालवून. त्यांना एकदा मुद्दाम घेऊन गेलो. ग्लास हातात आला, कोमट लागला, तसे ते दचकले. म्हैस मान वळवून बघत होती. मेहुणे हळूच म्हणाले, "तापवून नाही का देत?" गवळ्यानं आधी म्हशीकडं बघितलं, मग यांच्याकडं, मग माझ्याकडं. "पावणं सांगलीचं काय?" त्या रात्रीपासून आमचे संबंध जरा ताणलेलेच आहेत.

सांगलीची बाजू घ्यायची तर भडंग आहे, आणि भडंगाहून मोठी गोष्ट म्हणजे हळद. आणि हळदीची पेवं. हरिपूरला जमिनीत खोल खणलेली, वर अरुंद तोंड, आत हवा शिरू न देता हळद वर्षानुवर्षं टिकवायची. 'पेव फुटलं' हा वाक्प्रचार बाकीचा महाराष्ट्र नुसता वापरतो, सांगलीनं तो भोगलाय. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं कामातून गेली. तेव्हापासून सांगलीत पेव फुटतं ते प्लॉटचं. गुंठेवारीत काळ्या मातीचा गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा घ्या, पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन घरी जा, आणि दरवर्षी तुमच्या गल्लीचं ड्रेनेज मंजूर झाल्याचा फलक वाचा. फलकाचा खांब मात्र पक्का रोवलेला असतो, शामरावनगरच्या चिखलातसुद्धा हलत नाही.

कोल्हापुरात ही अडचण नाही, कारण तिथं वाढायला जागाच नाही. १९७२ ला महापालिका झाली आणि पुढची पन्नास वर्षं हद्द इंचभर सरकली नाही. हद्दवाढ हा तिथला सर्वांत जुना चालू असलेला प्रयोग आहे. शहर म्हणतं या, खेडी म्हणतात येत नाही. तेव्हा हुशार माणसानं पाचगाव, कळंबा, उचगाव असं कुठंतरी घर घ्यावं. कर ग्रामपंचायतीचा, पत्त्यात रुबाब कोल्हापूरचा, आणि मोर्चा दोन्ही बाजूंनी काढता येतो. मोर्चाची हौस असेल तर कोल्हापूरला तोड नाही. त्यांनी शहरातला टोल आंदोलन करून घालवला. सांगलीत आंदोलन होत नाही असं नाही, पण तिथं निवेदन देतात. शुद्ध भाषेत, दोन प्रतींत, पोच घेऊन. नाट्यपंढरी आहे शेवटी. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' सांगलीतच केलं. तेव्हापासून प्रवेश आणि संवाद याबाबत ते काटेकोर आहेत.

विमानानं फिरणार असाल तर कोल्हापूरला उजळाईवाडीचा विमानतळ आहे. सांगलीला कवलापूर आहे. कवलापूरचं विमान निवडणूक जाहीर झाली की उडतं आणि निकाल लागला की सुखरूप उतरतं. आजवर एकाही प्रवाशाला इजा झालेली नाही.

कोर्टकचेरीचं बघितलंत तर २०२५ च्या ऑगस्टपासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सगळे तिथंच. मुंबईची खेप वाचली म्हणून सांगलीकर खूश आहे. पण भावाशी बांधाचं भांडण सांगलीत करायचं आणि अपिलात न्याय मागायला सांगली फाट्यावरून वळून कोल्हापुरात जायचं, याची ठसठस आत कुठंतरी आहेच. एक सांगलीकर वकील मला म्हणाले, "बेंच आलं ते बरंच झालं, पण पार्किंग बघितलंत का तिथलं?" मी म्हटलं ना, दिवसातून चारदा.

इतकं सगळं मी परवा माझ्या भाच्याला सांगितलं. तोच तो, विश्रामबागेतल्या मेहुण्यांचा मुलगा, हिंजवडीत नोकरी करणारा. त्यानं दोन तास ऐकून घेतलं, मधेमधे वहीत लिहूनही घेतलं, दोन्हीकडं तीन-तीन फ्लॅट बघून आला, मीटरच्या पेट्या उघडल्या. मग पुण्यालाच वाकडमध्ये चौदाव्या मजल्यावर घर घेतलं.

वास्तुशांतीला गेलो होतो. लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी त्याला विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" सांगलीच्या गावभागात जन्मलेला, गणपतीला नवस बोलून झालेला तो पोरगा एका क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "कोल्हापूर साइडचे."

त्याच्या वडिलांना हे मी अजून सांगितलेलं नाही. दुधाच्या ग्लासाचंच अजून मिटलेलं नाही.