डॉक्टर असाल तर गाडीचा विमा ४० टक्के स्वस्त? कोणी सांगितलं?

गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आवाज चढलेला. "अरे, त्या एजंटाने मला इतकी वर्षं लुबाडलं. शिक्षकांना गाडीच्या विम्यात ४० टक्के सवलत असते म्हणे, आणि या मेल्याने कधी तोंडातून काढलं नाही." मी विचारलं, कुठून कळलं? अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपवरून. 'विमा कंपन्या लपवतात ते सत्य', सहा मुद्दे, शेवटी हात जोडलेले तीन इमोजी. आत्याला तो मजकूर धाडला होता तिच्याच मुलाने, माझ्या आतेभावाने. तो स्वतः त्यातल्या सहाव्या मुद्द्यावर विसंबून चालला होता, हे कळल्यावर माझी झोप उडाली. त्याचं पुढे सांगतो.

आधी ते ४० टक्के. मजकूर म्हणतो: 'शिक्षक, डॉक्टर आणि सरकारी कर्मचाऱ्यांना कायद्याने ४० टक्के सवलत आहे.' कोणत्या कायद्याने? कलम नाही, साल नाही, काही नाही. गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे तुमच्याच गाडीचं काही झालं तर. थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवतच नाही. तो केंद्र सरकार ठरवतं, विमा नियामक आयआरडीएआयशी सल्लामसलत करून. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात खासगी मोटारींसाठी तीन ओळी आहेत: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये, त्यावर ७,८९७ रुपये. संपलं. सवलतींमध्ये हायब्रिड गाड्या आहेत, व्हिंटेज गाड्या आहेत, शाळा-कॉलेजच्या बस आहेत. शिक्षकांची शाळा आहे, शिक्षक नाहीत. सर्जनची असो वा सुताराची, १२०० सीसीच्या गाडीला आकडा तोच.

ओन डॅमेजचं थोडं वेगळं आहे, आणि इथे मला त्या मजकुराला अर्धा गुण द्यावा लागतोय, नाइलाजाने. २००२ च्या मोटर टॅरिफमध्ये दर बांधलेले होते. गाडीचं वय, इंजिनची क्षमता, नोंदणीचं ठिकाण आणि गाडीची ठरवलेली किंमत, म्हणजे आयडीव्ही. मालकाचा धंदा विचारणारा रकाना त्या दरपत्रकात नव्हता. पाच वर्षांच्या आतली १२०० सीसीची गाडी, आयडीव्ही ५ लाख धरा. पुण्यात नोंदलेली असेल तर ३.२८३ टक्क्यांनी १६,४१५ रुपये, कोल्हापुरात नोंदलेली असेल तर ३.१९१ टक्क्यांनी १५,९५५. एमएच-१२ आणि एमएच-०९ मधला फरक ४६० रुपये, डॉक्टर आणि शिक्षकातला फरक शून्य. पण १ जानेवारी २००७ पासून हे दर मोकळे झाले. तेव्हापासून कंपनी आपल्या हिशेबाने सवलत देऊ शकते, आणि एखाद्या कंपनीने डॉक्टरांना किंवा सीएंना थोडी जास्त दिली तर त्यात बेकायदा काही नाही. मात्र ती त्या कंपनीची मर्जी, तीही फक्त ओन डॅमेजवर. हक्क नव्हे. आत्याला म्हटलं, नूतनीकरणाच्या वेळी चार ठिकाणचे भाव काढ आणि प्रत्येकाला शिक्षिका होते म्हणून सांग, मिळाली तर घे. पण त्या एजंटाला चोर म्हणू नकोस. (तो तिला दरवर्षी नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याबद्दलची सवलत, बरोबर लावून देत होता. यंदा ५० टक्क्यांवर आहे. लुबाडणारा माणूस आधी तो खातो.)

मग हे नोकरीचं खूळ आलं कुठून? परदेशातून, अर्धवट भाषांतर होऊन. तिकडे ते खरंच आहे. अमेरिकेतली एक मोठी वाहन विमा कंपनी १९३६ साली सुरू झाली तीच मुळी सरकारी नोकरांना विमा विकायला. गायको हे तिचं नाव म्हणजे 'गव्हर्नमेंट एम्प्लॉईज इन्शुरन्स कंपनी' याचंच लघुरूप. सरकारी बाबू गाडी जपून चालवतात, असा तो हिशेब होता. पुढे तिथेच यावर भांडणं झाली. कॅलिफोर्नियात १९८८ मध्ये लोकांनी मतदान करून नियम बदलला: आधी चालकाचा इतिहास, मग वर्षाला किती मैल गाडी चालते, मग किती वर्षं चालवताय, बाकी सगळं त्यानंतर. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये शिक्षण आणि नोकरी बघून दर लावण्यावर बंधनं घातली. म्हणजे जिथे ही पद्धत वाढली तिथेच ती अन्यायाची म्हणून आवळली जातेय, आणि आपल्याकडे तिचं 'लपवलेलं सत्य' झालंय.

दुसरा मुद्दा, 'वकील, पत्रकार आणि पोलिसांकडून जास्त प्रीमियम घेतात, कारण कंपन्या त्यांना घाबरतात.' बँका अशा लोकांना कर्ज द्यायला बिचकतात ही जुनी कुजबुज आहे, कुणीतरी ती विम्याला चिकटवली. वरचा थर्ड पार्टीचा तक्ता पुन्हा वाचा.

तिसरा: 'पॉलिसी बायकोच्या नावाने काढा आणि व्यवसाय गृहिणी लिहा, स्वस्त पडते.' आरसी बुकावर नवऱ्याचं नाव आणि पॉलिसीवर बायकोचं, असं झालं की वाचलेले पैसे क्लेमच्या वेळी सव्याज जातात. गाडी ज्याच्या नावावर, विमा त्याच्या नावावर. ब्रिटनमध्ये आपल्या कामाचं वर्णन दोन-तीन प्रकारे करून भाव बघतात, कारण तिथे त्याने फरक पडतो. पण ती सगळी वर्णनं खरी असावी लागतात. मुद्दाम खोटं लिहिलं तर २०१२ च्या कायद्याने तिथली कंपनी करारच मोडते आणि प्रीमियमही परत देत नाही. सल्ला उचलताना एवढी अट तेवढी गळली.

चौथा मुद्दा वाचून मी हसलो, मग हसू मावळलं. 'सरकारी नोकरांना थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही, मोटार वाहन कायदा कलम १४६.' सहा मुद्द्यांत एवढ्याच ठिकाणी कलम दिलंय, आणि तेच उलटं वाचलंय. कलम १४६ सूट देतं ती केंद्र किंवा राज्य सरकारच्या मालकीच्या गाडीला, तीही व्यापाराशी संबंध नसलेल्या कामासाठी वापरत असतील तर. तहसील कचेरीची जीप सुटते, तलाठी भाऊसाहेबांची स्वतःची अल्टो नाही. विमा नसताना पकडले गेलात तर कलम १९६ प्रमाणे पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि दंड किरकोळच म्हणायचा, कुणी गाडीखाली आलं तर भरपाई खिशातून.

पाचवा, 'नोकरी बदलल्यास १४ दिवसांत कळवा, नाहीतर पॉलिसी रद्द.' हे १४ दिवस कलम १५७ मधले, गाडी विकत घेणाऱ्याने पॉलिसी आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचे. गाडीचा मालक बदलतो तेव्हाचे. तुमचा साहेब बदलतो तेव्हाचे नव्हेत.

आता सहावा. त्याच्यामुळेच हे लिहायला बसलो. 'पॉलिसीत व्यवसाय नोकरी असा असेल तर फावल्या वेळात गाडी भाड्याने चालवली तरी क्लेम मिळतो, कारण कंपनी तुमचा मुख्य व्यवसाय बघते.' माझा आतेभाऊ कारखान्यात नोकरीला आहे. शनिवार-रविवारी ओळखीच्या लोकांना आपल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीतून शिर्डीला, अक्कलकोटला नेतो, डिझेल आणि वर काही पैसे घेतो. त्याला वाटत होतं, आपण 'सर्व्हिस' मध्ये आहोत, ड्रायव्हर थोडेच आहोत.

कंपनीला तुम्ही कोण आहात याच्याशी कर्तव्य नाही. गाडी कशासाठी चालतेय याच्याशी आहे. खासगी गाडीच्या प्रत्येक पॉलिसीत 'लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज' नावाचा परिच्छेद असतो. गाडी कशालाही वापरा, पण भाड्याने नाही, मालवाहतुकीला नाही, शर्यतीला नाही, वेगाच्या चाचणीला नाही, मोटारींच्या धंद्यासाठी नाही. मालवाहतुकीच्या पुढे कंसात एक सूट आहे: नमुने आणि स्वतःचं सामान चालेल. म्हणजे औषध कंपनीचा एमआर सॅम्पलची बॅग घेऊन बिनघोर फिरू शकतो. त्या अख्ख्या परिच्छेदात कुणाच्या पोटापाण्याचा वास येत असेल तर तो एवढाच.

भाड्याचा धंदा करायचा तर पिवळी पाटी, परमिट आणि त्याचा वेगळा विमा. २०२२ च्या त्याच तक्त्यात १००० ते १५०० सीसीच्या टॅक्सीचा थर्ड पार्टी दर ७,९४० रुपये आहे, शिवाय परवान्यात मंजूर असलेल्या प्रत्येक प्रवाशामागे ९७८. चार प्रवाशांची गाडी धरली तर ११,८५२. खासगी गाडीचे ३,४१६. इंजिन तेच, आणि स्टीअरिंगवर माझा आतेभाऊ बसला तरी माणूसही तोच. फरक वापराचा आहे. टॅक्सी दिवसभर रस्त्यावर असते, तिच्यात अनोळखी माणसं बसतात.

यावर एका नातेवाइकाने ग्रुपवर मला कोर्टाचा निकाल ऐकवला. बरं, निकाल आहे. २०१० मध्ये ओरिएंटल इन्शुरन्सच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खासगी गाडी भाड्याने दिली एवढ्यावरून दावा मुळासकट फेटाळू नका, 'नॉन-स्टँडर्ड', म्हणजे अट मोडलेला दावा, म्हणून काही रक्कम द्या. हे खरं आहे. पण नॉन-स्टँडर्डची कमाल मर्यादा ७५ टक्के, आणि तीही कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर. शिवाय हे फक्त गाडीच्या पत्र्याचं झालं. माणूस दगावला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १५० कंपनीला बचाव देतं की गाडीला भाड्याचं परमिट नसताना ती भाड्याने चालली होती. अपघाताचे दावे ऐकणारी न्यायाधिकरणं बरेचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. पीडिताला पैसे मिळतात, हे चांगलंच. वसुली मात्र माझ्या आतेभावाकडून होणार. त्याचं घर अजून कर्जात आहे.

आणि ज्याला खरंच प्रीमियम कमी करायचाय त्याने आपला हुद्दा चाळत बसू नये. २०२२ च्या जुलैपासून नियामकाने 'पे अ‍ॅज यू ड्राइव्ह' प्रकाराला परवानगी दिलीय, गाडी कमी चालली तर ओन डॅमेज कमी. आत्याची गाडी महिन्यातून चारदा बाहेर पडते, तिच्या निवृत्तीचा विम्यात फायदा झालाच तर तो असा होईल.

काल रात्री आतेभावाला फोनवर पॉलिसीची पीडीएफ उघडायला लावली. तो परिच्छेद सापडेपर्यंत दहा मिनिटं गेली. त्याने एकदा मनात वाचला, एकदा मोठ्याने. मग म्हणाला, "दादा, येत्या शनिवारची अक्कलकोटची चार माणसं ठरलीत. अ‍ॅडव्हान्सही घेतलाय."

"अ‍ॅडव्हान्स परत कर," म्हटलं, "आणि पिवळ्या पाटीवाल्याचा नंबर दे त्यांना."