पिढीच्या मधोमध येणारे ‘प्रो’ कन्सोल खरंच तोट्याचे?

गेम खेळायच्या यंत्राची, म्हणजे कन्सोलची, एक पिढी चालू असताना मधोमध त्याचाच जास्त ताकदीचा ‘प्रो’ अवतार काढणं म्हणजे कंपनीने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणं, हा दावा पुन्हा जोरात फिरतोय. कारणं तीन सांगतात: घेणारे मूठभर, खर्च अफाट, आणि पुढच्या पिढीच्या विक्रीला कात्री.

घेणारे मूठभर, हे मान्य. सोनीच्या प्लेस्टेशन ४चा (पीएस४) प्रो आल्यापासून विकल्या गेलेल्या दर पाच पीएस४मध्ये एक प्रो, असं कंपनीनेच २०१७ मध्ये सांगितलं होतं. पण हा पाचवा माणूस कोण? सोनीच्या प्लेस्टेशन विभागाचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू हाउस २०१६ मध्येच म्हणाले होते की, पिढीच्या मध्यावर उत्तम ग्राफिक्स हवे असलेले खेळाडू पीसीकडे सरकू लागतात. असा गडी गेला की त्याची गेम-खरेदी, त्यातलं साधारण ३० टक्के कमिशन आणि पीएस प्लस या ऑनलाइन सेवेची वर्गणीही गेली. यंत्रावर फार सुटलं नाही तरी चालेल, हे गिऱ्हाईक हातचं जाता कामा नये.

खर्चाची ओरड करणारे किमतींकडे बघतच नाहीत. सप्टेंबर २०१६ मध्ये पीएस४चा सडपातळ अवतार, स्लिम, २९९ डॉलरला आला आणि नोव्हेंबरमध्ये प्रो ३९९ला, म्हणजे २०१३च्या मूळ पीएस४च्याच किमतीला. खाली स्वस्ताई करूनही वरची किंमत शाबूत राहिली. २०२४च्या पीएस५ प्रोने तर कहर केला: जवळपास ७०० डॉलर, डिस्क ड्राइव्ह वेगळा, उभा ठेवायचा स्टँडही वेगळा. आतला मुख्य प्रोसेसर मात्र साध्या पीएस५सारखाच जुन्या झेन २ घराण्यातला, मोठा बदल ग्राफिक्समध्ये; म्हणजे सगळं यंत्र नव्याने घडवावं लागलं नाही.

पुढच्या पिढीला कात्री? पीएस४ प्रो २०१६चा, पीएस५ २०२०चा. पीएस५ आला तेव्हा रड होती ती माल मिळत नसल्याची.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन एक्सचं, म्हणजे त्यांच्या ‘प्रो’चं, उदाहरण मात्र वजनदार आहे. २०१७ मध्ये ४९९ डॉलरला आलेल्या त्या यंत्रावर नफा नाही, हे एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनीच कबूल केलं होतं. ताकदीत तो पीएस४ प्रोच्या पुढे होता, तरी पीएस४ची आघाडी तुटली नाही. पण मागे पडलेली पिढी वर काढणं हे प्रोचं कामच नव्हे. खरा घोटाळा होतो तो नव्या यंत्राचे गेम जुन्यावर चालत नाहीत तेव्हा: सेगाने १९९४ मध्ये आपल्या जेनेसिस कन्सोलला जोडायचा ३२एक्स काढला तो वेगळ्या कार्ट्रिजेससह (गेमच्या डब्यांसह), आणि त्याच महिन्यात जपानमध्ये स्वतःचाच पुढच्या पिढीचा कन्सोल सॅटर्न उतरवला. पीएस५ प्रोचे गेम साध्या पीएस५वरही चालतात. ३२एक्सचे जुन्या जेनेसिसवर एकटे चालत नसत.